इंका बाई आणि स्पॅनिश बाई : कुणाच्या हातात काय होतं?

ताम्हण :

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की स्पॅनिश लोक येण्याआधी पेरूत बायका-पुरुष समान होते आणि यांनी येऊन सगळं नासवलं. त्याखाली लगेच दुसरा प्रतिसाद, की तिथले राज्यकर्ते इंका तर कोवळ्या मुली उचलून न्यायचे, कसली आलीय समानता. मला वाटतं एकजण गावाबद्दल बोलत होता आणि दुसरा साम्राज्याबद्दल, म्हणून भांडण मिटत नव्हतं. तिथे अवांतर झालं असतं म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबलंय.

आधी गाव. अँडीजमधल्या गावाचा पाया म्हणजे आयल्यु, नात्यागोत्याने बांधलेला गट, जमीन गटाची आणि घराला गरजेप्रमाणे वाटून मिळायची. बऱ्याच ठिकाणी वंश दोन रेघांनी मोजायचे, बापाकडून मुलगे आणि आईकडून मुली, त्यामुळे जमिनीवरचा-पाण्यावरचा हक्क मुलीला आईच्या बाजूने मिळायचा. देवही तसेच वाटलेले. सूर्य म्हणजे इंती, हा सापा इंकाचा म्हणजे सम्राटाचा पूर्वज, आणि चंद्र म्हणजे मामा किल्या, ही राणीची, कोयाची. इंकांच्या राजधानीत, कुस्कोला, कोरिकांचा मंदिरात चंद्राचं दालन चांदीने मढवलेलं होतं आणि मेलेल्या राण्यांच्या ममी तिथे ठेवायचे असं इंका गार्सिलासो या लेखकाने लिहून ठेवलंय.

शेतातही जोडीच. पायाने दाबायचा नांगर असायचा, पुरुष तो दाबून ढेकूळ उलथणार, बाई समोरून ते फोडणार आणि बी बहुतेक बाईच्याच हातून पडणार. वामान पोमा नावाच्या अँडियन माणसाने १६१५ च्या सुमाराला स्पेनच्या राजाला जवळपास १२०० पानांचं पत्र लिहिलं, त्यात ३९८ चित्रं आहेत, (हे पत्र १९०८ मध्ये थेट कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं!) त्या चित्रांत महिन्या-महिन्याची शेतीची कामं काढलीयत, ती बघाच. आणि लग्न झाल्याशिवाय पुरुषाला पूर्ण माणूस धरत नसत, राज्याच्या वेठीचा भार पडायचा तो जोडप्याच्या घरावर.

यात कापड फार महत्त्वाचं. इंकांकडे नाणी नव्हती. सैनिकाला कापड, सरदाराला मान म्हणून कापड, देवाला होमात कापड, जिंकलेल्या राजाला गप्प करायला पण कापडच. घरचं जाडंभरडं कापड मुख्यतः बायका विणायच्या. म्हणजे राज्याची तिजोरी ज्या वस्तूने भरायची ती बाईच्या मागावरून यायची.

आता साम्राज्य. याच कौशल्यासाठी राज्याचे अधिकारी गावोगाव फिरून दहाएक वर्षांच्या मुली निवडायचे. त्या अक्ल्या. त्यांना अक्ल्यावासी नावाच्या बंदिस्त वाड्यात ठेवायचे, तिथे त्या अतिशय तलम कुंबी कापड विणायला आणि मक्याची दारू, चिचा, गाळायला शिकायच्या. काही जन्मभर तिथेच राहून मामाकोना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ बायका, व्हायच्या, काहींना सम्राट आपल्या मर्जीतल्या सरदारांना बायको म्हणून द्यायचा, आणि काहींचा बळी जायचा. अर्जेंटिनात ६७३९ मीटर उंच ल्युल्याइल्याको ज्वालामुखीच्या माथ्याजवळ १९९९ मध्ये तीन मुलांचे गोठलेले देह सापडले, त्यातली मोठी मुलगी साधारण तेरा ते पंधरा वर्षांची, ती बहुधा अक्ल्या असावी. तिच्या केसांच्या तपासणीत दिसलं की शेवटच्या वर्षात तिचं जेवण एकदम चांगलं झालं होतं, आणि कोका न् दारूचं प्रमाण वाढत गेलं होतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना.

म्हणजे गावात दोन समांतर रेघा, पण वर जाताना त्यातली एक खाली जाते. सम्राट पुरुषाला बाई बक्षीस देतो, कोयाने कुणाला पुरुष बक्षीस दिल्याचं कुठेही नाही. सैन्य, प्रांताचे अधिकारी, सगळे पुरुष.

आणि स्पेन? तिथे बाई कायद्याने आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या ताब्यात. १५०५ च्या तोरोच्या कायद्यांप्रमाणे नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकोला करार करता येत नव्हता, कोर्टात उभं राहता येत नव्हतं. वर अब्रूचं ओझं, सगळी अब्रू बाईच्या शरीरात ठेवलेली, म्हणून घरात नाहीतर मठात कोंडायची. पण त्याच स्पेनमधल्या कास्तिया राज्यात मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलासारखाच सक्तीचा वाटा होता, हुंडा तिचाच राहायचा, लग्नानंतर जे कमावलं त्यातलं अर्धं तिचं, आणि विधवा झाली की ती स्वतःची मालक. लग्नानंतर आडनाव पण बदलत नसत.

मला मुद्दा मांडायचाय तो पुढचा. अँडियन बाईचं वजन तिच्या कामातून आणि जोडीतल्या जागेतून यायचं, स्पॅनिश बाईचं कागदातून. १५३२ मध्ये स्पॅनिश आल्यानंतर अँडियन बाईच्या वाट्याला स्पॅनिश नवरेशाही आली, पण कागद मोजक्याच जणींना मिळाले. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात लोकांना नव्या गावांत कोंबून खंडणी ठरवली ती १८ ते ५० वयाच्या पुरुषांवर. बाईचं नाव हिशेबातून गेलं. पण खंडणीत कापड द्यायचं होतंच की! ते विणलं कुणी? तिनेच. वामान पोमाच्या चित्रात एक पाद्री मागावर बसलेल्या बाईला मारतोय, ते उगाच नाही.

तुम्हाला काय वाटतं?

निळी_शाई :

ताम्हणताई, खूप आवडलं. एक शंका. हे सगळं लिहिणारे स्पॅनिश पुरुष, त्यातले बरेच पाद्री किंवा शिपाई. बायकांच्या जगात त्यांना कोण शिरू देणार? मग समांतर रेघा, चंद्राच्या पुजारिणी वगैरे आपल्याला कितपत कळू शकतं?

ताम्हण :

निळी_शाई, शंका एकदम रास्त आहे आणि याचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात बायकाच सापडतात. हुआन दे बेतांसोस नावाचा दुभाषा, त्याने १५५० च्या दशकात इंकांचा इतिहास लिहिला. त्याची बायको कुशिरिमाय ओक्ल्यो, बाप्तिस्म्याचं नाव आंजेलिना. आधी इंका सम्राट आतावाल्पाची बायको, मग पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिसारोने तिला ठेवलं, त्याच्यापासून मुलगे झाले, आणि पिसारो मेल्यावर बेतांसोसशी लग्न. त्याच्या पुस्तकातला इतिहास बराचसा तिच्या माहेरच्या लोकांच्या आठवणीतला आहे. वर नाव त्याचं.

इंका गार्सिलासोचं तर सगळ्यांना माहीत असेल. आई चिंपू ओक्ल्यो, इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश कॅप्टन. दोघांचं लग्न कधीच झालं नाही, बापाने पुढे स्पॅनिश बाईशी रीतसर लग्न केलं आणि चिंपू ओक्ल्योचं एका साध्या स्पॅनिश माणसाशी लग्न लागलं. गार्सिलासो १५३९ चा, म्हणजे हे सगळं त्याच्या लहानपणी डोळ्यासमोर झालं. इंकांच्या गोष्टी त्याने आईच्या घरी जमणाऱ्या मामा-आजोबांकडून ऐकल्या. आणि याच बाईने १५७१ मध्ये नोटरीपुढे स्वतःचं मृत्युपत्र केलं.

अशी मृत्युपत्रं आणि जमिनीचे खटले हा तिसरा स्रोत, तिथे बायका स्वतः सांगतात की ही जमीन माझ्या आईची, तिच्या आईची.

जुनापाना :

लेख चांगला आहे पण मी स्पष्ट असहमत. "समांतर" म्हटलं की वाचणाऱ्याला समान ऐकू येतं, आणि तुम्ही गाव आणि साम्राज्य असे दोन कप्पे केलेत तेही मला सोयीचे वाटतात, कारण गावातल्या मुली निवडून देणारा कुराका म्हणजे गावप्रमुख गावचाच असायचा ना, आणि अनेक बायका करायची मुभा त्यालाही असायची, साध्या माणसाला एकच. म्हणजे उतरंड गावापासूनच सुरू होती.

दुसरं, स्पेनच्या बाजूला तुम्ही इसाबेलला विसरलात. १४७४ पासून ती कास्तियाची स्वतःच्या हक्काने राणी, नवरा फर्नांदो असूनही कास्तियाचा कारभार तिच्या हातात होता. तेरा-चौदा इंका सम्राटांच्या यादीत एकटीने राज्य करणारी एक तरी कोया दाखवा. नाही मिळणार. आणि मुलीला मुलाइतका वाटा ही गोष्ट १६ व्या शतकाच्या मानाने खूप मोठी होती, इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची चीजवस्तूसुद्धा नवऱ्याची व्हायची.

वामान पोमाचे दाखले देता, पण तो स्वतः बायकांवर किती कडक लिहितो तेही सांगा. स्पॅनिश पुरुषांबरोबर राहणाऱ्या अँडियन बायकांना त्याने जवळजवळ शिव्याच घातल्यात.

सह्यवाट :

जुनापानांशी इसाबेलच्या मुद्द्यावर सहमत, पण राणी असणं आणि बाकीच्या बायकांची स्थिती यांचा संबंध असतोच असं नाही. तिच्याच मुलीच्या, हुआनाच्या नावाने तोरोचे कायदे जाहीर झाले, नवऱ्याच्या परवानगीचा कायदा राणीच्या नावाने! आणि त्या हुआनाला बापाने आणि नंतर मुलाने मिळून जन्मभर तोर्देसियासमध्ये कोंडून ठेवलं.

मांडवीकाठ :

मी गोव्याचा, कायद्याच्या कामात आहे म्हणून त्या अर्ध्या वाट्याबद्दल बोलतो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून कौटुंबिक कायदा त्याच आयबेरियन परंपरेतून आलाय, १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. लग्न झालं की वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची, अर्धी-अर्धी, मुलामुलींना सारखा वाटा आणि तो बापाला सहज काढून घेता येत नाही. घर विकायचं तर नवरा-बायको दोघांची सही लागते. त्यामुळे ताम्हणनी लिहिलेलं कास्तियाचं वर्णन मला लगेच ओळखीचं वाटलं.

पण त्याच संहितेत मूळ तरतूद अशी की सगळ्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याने बघायचा. अर्धं तिचं, पण वापरायचं कसं ते तो ठरवणार. कास्तियातही हेच होतं, बाईचा हुंडासुद्धा लग्न टिकेपर्यंत नवरा सांभाळायचा, त्याने उधळला तर तिने कोर्टात जायचं, आणि कोर्टात जायला परवानगी कुणाची, तर त्याचीच, किंवा मग न्यायाधीशाची. कागदावरचा हक्क खरा व्हायचा तो विधवा झाल्यावर. म्हणून त्या काळच्या नोटरींच्या दप्तरात धंदा करणाऱ्या, कर्ज देणाऱ्या, खटले लढणाऱ्या विधवा इतक्या दिसतात. जुनापाना, तुम्ही म्हणता तो वाटा मोठाच होता, फक्त तो हातात कधी पडायचा ते बघायला हवं.

रानजाई :

फार छान चर्चा. मला लग्नाबद्दल विचारायचंय. इंकांकडे लग्नाआधी एकत्र राहून बघायची पद्धत होती असं ऐकलंय, खरं का? आणि मग अब्रूचं काय?

पुनोची_वाट :

रानजाई, खरं आहे. मी कामानिमित्त बराच काळ पेरूत राहिलेय, सेर्विनाकुय म्हणतात त्याला आणि डोंगराळ भागात ते अजूनही पूर्ण गेलेलं नाही. मुलगा-मुलगी दोन्ही घरांच्या संमतीने एकत्र राहतात, कधी काही महिने तर कधी काही वर्षं, काम जमतं का, स्वभाव जमतो का ते बघतात. मूल झालं तर ते घराचं मूल, त्यावरून कुणी मुलीला बोल लावत नाही, जमलं नाही तर ती माहेरी येते आणि दुसरा जोडीदार बघते. कौमार्याला किंमत नव्हतीच असं म्हटलं तरी चालेल, अक्ल्या सोडून, त्यांच्यावर मात्र पहारा कडक कारण त्या सूर्याच्या आणि सम्राटाच्या.

स्पॅनिश पाद्र्यांना हे अजिबात झेपलं नाही. आरियागा नावाच्या जेझुइटाने १६२१ मध्ये मूर्तिपूजा उखडण्याबद्दल पुस्तक लिहिलं त्यात याबद्दल तक्रार आहे. शंभर वर्षं प्रवचनं, फटके, दंड सगळं झालं. यात नुकसान कुणाचं झालं बघा. आधी जोडी मोडली तर बाई मोकळी. चर्चच्या लग्नात नवरा मारतोय म्हणून सोडायचं तर जवळजवळ अशक्य.

अजून एक, कुस्कोला कुणी गेलात तर सांता कातालिनाचा मठ नक्की बघा. तो बरोबर जुन्या अक्ल्यावासीच्या जागेवर आहे, रस्त्याच्या बाजूला इंकांची दगडी भिंत अजून आहे आणि वर मठ. मुलींना कोंडायची जागा दोन्ही राज्यांना तीच सोयीची वाटली. या एका बाबतीत इंका आणि स्पॅनिश सगळ्यात जवळ होते असं मला तिथे उभं राहून वाटलं.

जुनापाना :

पुनोची_वाट, हे मात्र माझ्या मुद्द्याला बळ देणारं झालं. +१

कोरांटी :

उत्तरेकडच्या कापुल्यानांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पिउरा-तुंबेसच्या किनाऱ्यावर बायका गावप्रमुख असायच्या, त्याच कापुल्याना, पिसारोच्या दुसऱ्या मोहिमेतल्या लोकांनाच त्या भेटल्या होत्या. हे इंकांच्या आधीपासूनचं असावं. त्याच उत्तर किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला एल ब्रुहोला २००६ मध्ये इंकांच्या बऱ्याच आधीच्या मोचे संस्कृतीतली एक बाई, सेन्योरा दे काओ, सापडली, साधारण सोळाशे वर्षांपूर्वीची, हातावर गोंदण, सोबत गदा आणि भालाफेकीची हत्यारं. तोपर्यंत मोचे सत्ताधारी पुरुषच धरले जायचे.

आणि कोंतारवाचो! वायलास भागातली प्रमुख बाई, सम्राट वायना कापाकच्या दुय्यम बायकांपैकी एक. तिची मुलगी किस्पे सिसा पिसारोकडे होती. १५३६ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध उठलेल्या मांको इंकाच्या फौजेने लिमाला वेढा घातला तेव्हा या आईने मुलीसाठी आपले लोक पाठवले आणि लिमा वाचायला त्याचा हातभार लागला. इंकांच्या दृष्टीने ही फितुरीच, पण तिच्या हुकमावर सैन्य निघालं एवढं तरी मान्य करावं लागेल.

किस्पे सिसाची मुलगी फ्रान्सिस्का पिसारो. १५५१ मध्ये तिला स्पेनला पाठवलं, तिथे बापाचा सावत्र भाऊ, म्हणजे काका, एर्नांदो पिसारो मेदिना देल कांपोच्या किल्ल्यात कैदेत होता, त्याच्याशी लग्न, ती अठराच्या आसपास आणि तो पन्नाशीच्या घरात. बापाची मालमत्ता घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून. काका १५७८ मध्ये मेला, तिने त्रुहियोत वाडा पुरा केला, मग आपल्या मर्जीने दुसरं लग्न केलं आणि माद्रिदला ऐटीत राहिली. मांडवीकाठ म्हणतात तसंच, विधवा झाल्यावर हक्क हातात.

ताम्हण :

कोरांटी, फ्रान्सिस्काची गोष्ट मी मुद्दाम ठेवली होती, तुम्ही छान मांडलीत. पण तिच्या शेजारी कुरा ओक्ल्यो ठेवा. मांको इंकाची राणी. पिसारोच्या भावाने, गोन्सालोने, ती नवऱ्याकडून हिसकावली, नंतर १५३९ मध्ये मांको शरण येत नाही म्हणून फ्रान्सिस्को पिसारोने तिला खांबाला बांधून बाण मारून ठार केलं आणि प्रेत टोपलीत घालून नदीत सोडलं, मांकोपर्यंत वाहत जावं म्हणून. एकाच घराण्याने एका इंका राजकन्येच्या मुलीला वारस केलं आणि दुसरीला असं मारलं. कागदाचा कायदा ज्या पुरुषाशी तुमचा संबंध त्याच्यावर अवलंबून होता, हे मला म्हणायचंय.

जुनापाना, कुराकाच्या बायकांचा मुद्दा बरोबर आहे, उतरंड खालपर्यंत होतीच. पण गावातल्या बाईकडे निदान आईकडून आलेली जमीन आणि चंद्राची किंवा मक्याची, सारामामाची, पूजा होती, जिथे पुरुषाचं चालत नव्हतं. ती जागा स्पॅनिश काळात उघडपणे राहिली नाही. १७ व्या शतकातल्या मूर्तिपूजेच्या खटल्यांत म्हाताऱ्या बायका इतक्या सापडतात त्या यामुळेच, त्यांनी ते लपून चालू ठेवलं.

रानजाई :

ताई, तुम्ही शहरांकडे दुर्लक्ष करताय असं वाटतं. मी आर्थिक इतिहास शिकवते, पोतोसीच्या चांदीच्या खाणींवर वाचन झालंय. तिथला बाजार अँडियन बायकांच्या हातात होता. कोका, चिचा, बटाटे, मीठ, खाणकामगारांनी आणलेलं कच्चं खनिजसुद्धा त्या घ्यायच्या. नोटरीची दप्तरं बघितली तर या बायका घरं घेतायत, उधार देतायत, दागिने गहाण ठेवतायत, आणि मृत्युपत्रात बरंच काही मुलींना आणि भाच्यांना देतायत. म्हणजे आईकडून मुलीकडे जाणारी जुनी रेघ त्यांनी स्पॅनिश कागदावर चालू ठेवली. खेड्यातली बाई हिशेबातून गायब झाली हे खरं, आणि त्यातल्या कितीतरी त्या गायब होण्याचा फायदा घेऊन शहरात आल्या, कारण खंडणीच्या यादीत पुरुषाचं नाव असल्याने त्याला शोधायला माणसं यायची, तिला तेवढं कुणी शोधत नव्हतं.

ताम्हण :

रानजाई, हे फार मोलाचं आहे. यावर तुम्ही वेगळा धागा काढाच, खनिजाच्या बाजारावर मराठीत काहीही वाचायला मिळत नाही.

निळी_शाई :

मग स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १७८० च्या बंडातल्या मिकाएला बास्तिदासला कुठे बसवायचं? ती जुन्या परंपरेतली की नवीन?

पुनोची_वाट :

निळी_शाई, माझ्या मते दोन्हींतली. नवरा, बंडाचा पुढारी तुपाक आमारू दुसरा, लढाईवर, आणि ही तुंगासुकाला बसून धान्य, पैसा, शस्त्रं, निरोप्ये, प्रवासाचे परवाने सगळं सांभाळत होती. ६ डिसेंबर १७८० च्या पत्रात ती नवऱ्याला खडसावते की तू गावागावांत वेळ घालवतोयस, कुस्कोवर चालून जा, उशीर झाला तर सगळे मरू. तो उशिराच गेला आणि कुस्को पडलं नाही. त्याच बंडात आकोसची तोमासा तितो कोंदेमायता स्वतःच्या हक्काने प्रमुख होती, आपल्या माणसांसकट आली. म्हणजे अडीचशे वर्षांनंतरही बाई गावप्रमुख असू शकत होती. आणि जोडप्याने मिळून कारभार बघणं हे अँडियन लोकांना मुळीच विचित्र वाटलं नाही, लोक तिचे हुकूम तसेच पाळायचे. खटल्यात स्पॅनिश अधिकाऱ्यांनी तिच्यावर ठेवलेला मोठा आरोप हाच, की तिने हुकूम दिले. १८ मे १७८१ ला कुस्कोच्या मुख्य चौकात दोघींना मारलं. शेजारच्या आल्तो पेरूत (आजचा बोलिव्हिया) तिथल्या बंडातल्या बार्तोलिना सिसाचं पुढच्या वर्षी तेच झालं, सप्टेंबर १७८२, ला पासला.

जुनापाना :

यावर माझा वाद नाही. तोमासाबद्दल अजून लिहा, तिचं प्रमुखपद आईकडून आलं होतं की बापाकडून हे तुमच्या वाचनात आलं असेल तर तेही सांगा, कारण ताम्हणच्या मूळ मुद्द्याची खरी परीक्षा तिथेच आहे.